स्पंज धुवायचा नाही

मासे मी मारले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाला आमच्या वन्संकडून तिखटमीठ लावून ऐकावं लागणार नाही. अकरा मासे, सहा दिवसांत, आणि तेही स्वच्छतेपायी.

मी चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. माझ्या हाताखालून गेलेल्या कात्रीवर नाही, टॉवेलवर नाही, कशावर म्हणून कधी जंतू सापडला नाही. सर्जन लोक मला टरकून असायचे. एकदा एक मोठे डॉक्टर घाईघाईत कोपरापर्यंत हात न धुता आत शिरले, तर मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. पेशंट टेबलावर होता तरी. रिटायर झाले म्हणून हा स्वभाव हॉस्पिटलात ठेवून येता येतो का? तो माझ्याबरोबर घरी आला. आमच्याकडे चमचे उकळतात, फडकी उकळतात, आणि पाहुणे दारातच हात धुऊन आत येतात.

आमचे हे एका कारखान्यात मोठ्या मशीनवर फिटर होते. चाळीस वर्षं तो खडखडाट ऐकून कान गेले, आधी हळूहळू आणि मग एकदम. कानातलं यंत्र आणलं, तर म्हणाले यातून फक्त ताटल्या आपटल्याचा आवाज येतो, आणि ते यंत्र ड्रॉवरमध्ये जाऊन पडलं. टीव्ही बंद झाला, फोन बंद झाला. मित्रांत बसणं बंद झालं, कारण चारजण हसले की ह्यांना वाटायचं आपल्यालाच हसले. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. एक दिवस लिफ्टमध्ये कुणीतरी ह्यांना तोंडावर बोट ठेवून ‘हळू’ अशी खूण केली. त्या दिवसापासून ह्यांनी बोलणंच टाकलं. दोन वर्षं घरात मी एकटी बडबडत होते आणि उत्तर काय, तर ‘हं’ किंवा ‘नको’. खिडकीशी खुर्ची टाकून समोरच्या इमारतीचे पाइप बघत बसायचे. भांडायचं तरी कुणाशी, सांगा.

मग दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. तिथे बाहेरच्या खोलीत माशांची टाकी होती. दात दाखवून झाला, मी पर्स सावरून उठले, आणि हे उठेचनात. मी कोपर ओढलं, तर म्हणाले, “थांब ना. तो पिवळा बघ, सगळ्यांना ढकलतोय.”

सात शब्द! मी मोजले. आम्ही तिथे आणखी पाऊण तास बसलो, आणि त्याच आठवड्यात मी दोन फुटी टाकी घरी आणली.

आणली, आणि सिस्टरसारखी तयार केली. खडे उकळले. काच औषधाच्या पाण्याने तीनदा पुसली. फिल्टरमध्ये एक काळा स्पंज असतो, पाणी त्यातून गाळलं जातं, तो प्रेशर कुकरमध्ये घातला आणि पूर्ण प्रेशरवर वीस मिनिटं ठेवला. तिसऱ्या दिवशी एकाच वेळी अकरा मासे आणून सोडले, निळे-लाल निऑन, शेपटीवाले गप्पी आणि दोन काळ्या मोली. रोज संध्याकाळी तो स्पंज काढून नळाखाली खसाखसा धुवायचे. टाकी अशी लखलखत होती की तिथे एखादं ऑपरेशन करता आलं असतं.

ह्यांनी खुर्ची खिडकीकडून टाकीकडे वळवली. पहिले तीन दिवस काय सांगू! “हा लाजतो.” “ही काळी फार खाते.” “अगं, हा झोपला की काय?” मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. धाप लागलेला जीव मी ओळखते. पण काय करायचं ते कळेना, म्हणून मी स्पंज आणखी जोरात धुतला. सहाव्या दिवशी शेवटची मोली गेली. ह्यांनी प्रत्येक मासा चहाच्या चमच्याने अलगद उचलला, कुंडीत पुरला, आणि खुर्ची परत खिडकीकडे फिरवली.

“बास,” म्हणाले. “आता नको.”

दुपारी स्वतः फोनवर बोटाने टाइप करून आपल्या बहिणीला निरोप धाडला, टाकी घेऊन जा. वन्संचा उलट निरोप मिनिटात हजर. त्यांना टाकीत झाडं लावायची होती, पाच आठवड्यांनी रविवारी भाच्याची गाडी मोकळी होती, तेव्हा येते म्हणाल्या. मी तो निरोप दोनदा वाचला. टाकी गेली की खुर्ची खिडकीकडे राहणार, कायमची. मला त्या रविवारच्या आत टाकीत जिवंत मासे हवे होते आणि हे टाकीसमोर हवे होते.

दुसऱ्या दिवशी मी माशांच्या दुकानात गेले, ती भांडायलाच. दुकान चालवणारी बाई तिशीची, पायात रबरी बूट, बाह्या ओल्या, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली.

“तुमचे मासे रोगट होते,” मी म्हटलं.

“मावशी, स्पंज कशाने धुतला होता?”

मला कुणी मावशी म्हटलेलं खपत नाही, पण उत्तर दिलं. “धुतला नाही, स्टरिलाइज केला. कुकरमध्ये, वीस मिनिटं. नंतर रोज नळाखाली.”

तिने हातातली जाळी खाली ठेवली. आधी तिला हसू आलं आणि मग राग आला. दोन्ही मला स्पष्ट दिसलं.

“माशांची घाण पाण्यात विरघळते, मावशी. तिचं विष होतं. ते विष खाणारे जंतू त्या स्पंजात राहतात. तुम्ही ते शिजवलेत. मग नवीन यायला लागले असतील, ते रोज संध्याकाळी धुऊन टाकलेत. मासे बिचारे स्वतःच्याच घाणीत गुदमरले.”

“म्हणजे मी जंतू पाळायचे?”

“हो.”

“घरात?”

“हॉलमध्ये,” ती म्हणाली.

चौतीस वर्षं डोळ्यांपुढून गेली. मी म्हटलं, ठीक आहे, चूक झाली, आता बारा मासे द्या. तर ती मान हलवून म्हणाली, “तुम्हाला मी आत्ता एकही मासा विकणार नाही.”

“मी दुसऱ्या दुकानात जाईन.”

“जा की. तिथलेही मरतील.”

खरं सांगते, तिथे मला ती आवडली. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं, आणि एवढ्या शांतपणे म्हटलं नसतं. मी तिला ह्यांचं सगळं सांगितलं. कान, लिफ्ट, खिडकी, पाच आठवडे. ती ऐकत राहिली. मग एका जुन्या टाकीतला स्पंज बाहेर काढला, तपकिरी आणि बुळबुळीत, आणि त्याचा बिस्किटाएवढा तुकडा कात्रीने कापून पाण्यासकट पिशवीत घातला. कात्री तिने पँटला पुसली. मी तोंड दुसरीकडे केलं.

“हे विरजण समजा,” ती म्हणाली. “हे तुमच्या फिल्टरात ठेवायचं. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकीत टाकून कुजू द्यायचं, म्हणजे जंतूंना जेवण मिळेल. आणि ह्या नळ्यांत पाणी घेऊन, हे थेंब टाकून, रंगावरून रोज तपासायचं. दोन विषं असतात. पहिलं अमोनिया. ते खाऊन जंतू दुसरं सोडतात, त्याला नायट्राइट म्हणतात, आणि ते खाणारे जंतू वेगळे. दोन्ही विषं लागोपाठ दोन दिवस शून्य आली की माझ्याकडे या. तोवर स्पंज धुवायचा नाही. हात बांधून बसायचं.”

लिफ्टमध्ये शेजारीण भेटली. पिशवीकडे बघून म्हणाली, “काय आणलंत, सिस्टर?”

“जंतू,” मी म्हटलं. ती चौथ्या मजल्याऐवजी दुसऱ्यावरच उतरली.

आता काम कसं करायचं ते मला कुणी शिकवायला नको. कागदावर रेघा मारून पेशंटला असतो तसा चार्ट केला. सकाळ-संध्याकाळ तापमान, अमोनिया, नायट्राइट, शेरा. तो पॅडला लावून टाकीशेजारी टांगला. रिकाम्या टाकीपुढे रोज दोनदा घड्याळ लावून उभी राहणारी बायको बघून ह्यांनी भुवया वर केल्या, पण बोलले नाहीत.

आठव्या दिवशी पाणी पांढरं झालं. दुधाळ, गढूळ. माझ्या थिएटरमध्ये असं काही दिसलं असतं तर मी सगळ्यांना बाहेर काढून खोली सील केली असती. हात असे शिवशिवायला लागले की बादली भरली, ब्रश घेतला, स्पंजाची झाकणी उघडलीसुद्धा. मग फोन लावला.

“पाणी दुधासारखं झालंय!”

“झालं? छान!” दुकानवाली म्हणाली.

“छान काय? पू झाल्यासारखं दिसतंय!”

“मावशी, वाढतायत ते. दोन-चार दिवसांत आपोआप निवळेल. हात लावलात तर परत पहिल्यापासून. मग तो रविवार विसरा.”

मी झाकणी लावली. ब्रश वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारणीकडे नेऊन दिला आणि सांगितलं, मी पाया पडले तरी परत द्यायचा नाही. तिने काही विचारलं नाही. बहुतेक तिला माझी भीती वाटत होती.

दोन दिवसांनी पाणी निवळलं. पण नळीत पहिलं विष उतरलं तसं दुसरं चढलं. चार्टवर रोज गडद जांभळा, म्हणजे विष भरपूर. अकरावा, बारावा, तेरावा, चौदावा दिवस, जांभळाच. मी जेवताना नळ्या डोळ्यांपुढे धरून बसायचे. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

पंधराव्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले तर चार्टवर तापमान लिहिलेलं. सव्वीस. फिटर लोकांच्या तिरक्या अक्षरात, पुढे छोटी बरोबरची खूण. हे खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून बसलेले. मीही काही बोलले नाही, आणि गप्प राहणं मला किती जड जातं ते आमच्या घराण्यात सगळ्यांना माहीत आहे.

दोन दिवसांनी बघते, तर हे टाकीशी उभे आणि तळहात काचेवर टेकलेला, डोळे मिटलेले. मला वाटलं चक्कर आली. मी धावले.

“पंप घासतोय,” ते म्हणाले. “आत काहीतरी अडकलंय. हाताला लागतंय.”

मला तर पंपाचा आवाज नेहमीसारखाच येत होता. ह्यांनी पंप बंद केला, आपली जुनी हत्यारांची पेटी काढली, फिल्टर उघडला आणि आतल्या चक्रीतून माझा एक लांब केस बाहेर काढून माझ्यापुढे नाचवला. वर माझ्याकडे असं बघितलं की बघा, कोण घाण करतंय. मग सवयीने हात स्पंजाकडे गेला, धुवायला. मी मनगट धरलं.

“स्पंज धुवायचा नाही!”

ऐकू आलं नाही, पण ओठ वाचले. आणि हे वाक्य माझ्या तोंडून निघालेलं बघून हे हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दोन वर्षांत मी ते हसणं बघितलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी उगाच त्यांच्यावर ओरडले.

बाविसाव्या दिवशी एक नळी पिवळी आणि दुसरी फिकी निळी. दोन्ही शून्य. मी तीनदा तपासलं. तेविसाव्या दिवशीही तसंच. मी पॅडवरून चार्ट काढला, पर्स उचलली, आणि दारात बघते तर हे चपला घालून तयार.

दुकानवालीने चार्ट काउंटरवर पसरला. पेन्सिल काढून एकेक दिवसावरून फिरवत खालपर्यंत गेली. एकही वेळ चुकलेली नव्हती. शेवटी वर बघून म्हणाली, “मावशी, मी बारा वर्षं दुकान चालवतेय. असं कुणी केलेलं नाही. मला ह्याची कॉपी द्याल? भिंतीवर लावते. नवीन लोक आले की दाखवीन.”

माझी मान ताठ झाली. मावशी तर मावशी, मला काही वाटलं नाही.

आता मासे. मला ते निळे-लालच हवे होते. ती म्हणाली, ते नाजूक, ते सगळ्यांच्या शेवटी. आधी सहा प्लॅटी, नारिंगी, काटक. “जंतूंचं पोट अजून लहान आहे. एकदम सगळं वाढू नका. आठवड्याने तळाशी राहणारे चार न्या. मग पुढचं पुढे.”

तेवढ्यात ह्यांनी टाकीवरून नजर न काढता विचारलं, “हे आपापसात भांडतात का?”

मोठ्यांदा. दोन वर्षांचा दाबून ठेवलेला आवाज होता तो. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळली. वाटलं, आता कुणी बोट ओठांवर ठेवलं तर मी त्याला तिथेच झोडपीन.

दुकानवाली ह्यांच्या समोर येऊन उभी राहिली, तोंड नीट दिसेल अशी, आणि तितक्याच मोठ्यांदा म्हणाली, “नाही काका! हे गरीब आहेत! नर दोनच देते, म्हणजे माद्यांना त्रास नाही!”

“मग तो कोपऱ्यातला द्या!” हे ओरडले. “तो हुशार दिसतो!”

आणि असे ते दोघं सहा मासे होईपर्यंत ओरडत राहिले.

घरी आल्यावर पिशवी टाकीत तरंगत ठेवली. वीस मिनिटं. मग ह्यांनी दर पाच मिनिटांनी टाकीतलं एकेक कप पाणी पिशवीत घातलं. मी घड्याळ धरून होते. मासे पिशवीतून जाळीत, जाळीतून टाकीत. सहाही जण खाली गेले, फिल्टरामागे दडले, आणि पंधरा मिनिटांनी तो कोपऱ्यातला हुशार बाहेर आला. हे खुर्ची घेऊन आले.

रोज चार्ट चालूच होता. शून्य, शून्य, शून्य. आठव्या दिवशी तळाशी राहणारे चार आणले, मिशांचे, सगळीकडे नाक खुपसत फिरणारे. दहापैकी एकही आजारी नाही. स्पंज मात्र तपकिरी, बुळबुळीत, माझ्या पूर्वीच्या नजरेने बघितला तर ओकारी यावी असा. मी रोज झाकणी उघडून त्याच्याकडे प्रेमाने बघायचे. काय सांगू, माणूस बदलतो.

एकच गोष्ट मी केली नव्हती. वन्संना नको म्हणायला ह्यांना सांगितलं नव्हतं. ह्यांनीही त्यांना काही कळवलेलं नव्हतं. हे टाकीसमोर बसायचे खरे, पण बोलणं अजून तुटकच, आणि दिलेला शब्द मोडायचा ह्यांचा स्वभाव नाही. विचारलं आणि ‘नेऊ दे’ म्हणाले तर? चौतीस वर्षं सर्जनांना धारेवर धरणारी मी, नवऱ्याला एक प्रश्न विचारायला घाबरले.

रविवारी अकरा वाजता वन्सं आल्या. हातात बादली, खांद्यावर जुनी रजई, खाली भाचा गाडीत. वन्सं ह्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या आणि आवाजाने दुप्पट.

“मासे कशाला भरलेत यात? मला रिकामी हवी होती,” त्या म्हणाल्या. “बरं असू दे, ते मासे द्या कुणाला तरी. चल रे, पाणी उपसूया.” मग फिल्टरमध्ये डोकावल्या. “शी! अगं, तुझ्या घरात ही घाण? तुझ्या घरात? आण इकडे, नळाखाली धरते.”

आणि हात घातला. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी हे उठले.

“ताई, हात लावू नकोस!”

खिडक्या हादरल्या. वन्संचा हात हवेतच राहिला.

“त्यात जंतू आहेत!” हे म्हणाले. “चांगले! ही घाण नाही, हे मासे ह्याच्यावर जगतात. हिने वाढवलेत. हिने! हिचा स्वभाव तुला माहीत आहे ना? मी माती लागलेला बूट घरात आणला तर आठवडाभर बोलत नाही ही. त्या बाईने पाच आठवडे हा स्पंज धुतला नाही. हात शिवशिवत होते तिचे, मी बघत होतो. पाणी पांढरं झालं तेव्हा रडकुंडीला आली होती, पण हात लावला नाही. कुणासाठी? मासे हिला थोडेच हवे होते!”

वन्सं माझ्याकडे बघायला लागल्या. मी पंख्याकडे बघायला लागले.

“टाकी कुठेही जाणार नाही,” हे म्हणाले. “तुला मी शब्द दिला होता, तो मोडतो. माफ कर. बस इथे, तुला दाखवतो. हे सगळे प्लॅटी. तो नारिंगी हुशार आहे, खाणं कुठून पडतं ते त्याने दोन दिवसांत शिकून घेतलं. हे चार मिशीवाले दर थोड्या वेळाने वर जाऊन हवा घेऊन येतात, बघ, आत्ता जाईल एक. गेला! बघितलंस? आणि काचेवर टकटक करायची नाही, त्यांना सगळं हादरतं…”

त्यांचा आवाज सबंध इमारतीत ऐकू जात असणार. शेजारीण दार उघडून बघायला आली, तिलाही ह्यांनी आत बोलावून खुर्ची दिली. चार्ट हातात घेऊन एकेक दिवस समजावला. भाचा वर आला, तर त्याला काचेवर तळहात ठेवायला लावून पंप कसा चालतो ते दाखवलं. वन्संनी रजई मांडीवर घेतली आणि टाकीपुढे बसून राहिल्या, आणि मग हळूच, मला ऐकू यावं म्हणून, म्हणाल्या, “किती दिवसांनी बोलतोय हा.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. चार वेळा तरी तोंडावर आलं की तो हुशार नर नाही, मादी आहे ती, आणि पाणी पांढरं झालं ते आठव्या दिवशी, नवव्या नाही. चारही वेळा गिळलं. चौतीस वर्षांत मला दोन मानपत्रं मिळाली, एक शाल मिळाली, आणि कधी रडू आलं नव्हतं. त्या दिवशी आलं, आणि मी ते पुसलंही नाही.

हे सव्वा तास बोलत होते. मी मध्ये एक अक्षर बोलले नाही.